नसलेल्या तबकडीचे अडीच इंच

पाच-सात वर्षे वापरलेला लॅपटॉप रखडू लागला, की दुरुस्तीच्या दुकानात एक ठरलेला सल्ला मिळतो : हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका, मशीन नव्यासारखे पळेल. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, नाही तर तालुक्याच्या गावातले मोबाइल-संगणकाचे दुकान असो, कामाची रीत एकच. जुन्या डबीतला सगळा मजकूर नव्या डबीवर उतरवून घ्यायचा, लॅपटॉपचे मागचे झाकण उघडायचे, तीन-चार स्क्रू सोडवायचे, जुनी डबी खाचेतून सरकवून काढायची आणि नवी तिथेच बसवायची. तास-दोन तासांचे काम. लॅपटॉप सुरू व्हायला जिथे दोन-तीन मिनिटे लागत, तिथे आता पंधरा-वीस सेकंद पुरतात. गिऱ्हाईक खूश, कारागीरही खूश.

या दोन्ही डब्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गंमत लक्षात येते. दोन्हींची लांबी-रुंदी तंतोतंत सारखी. स्क्रूची छिद्रे त्याच जागी. जोडणीचे टोकही तेच. दोन्हींना म्हणतातही ‘अडीच इंची’. हे अडीच इंच म्हणजे आत फिरणाऱ्या तबकडीचा साधारण व्यास. जुन्या डबीत ती तबकडी आहे. नव्या डबीत तबकडी नाहीच. एसएसडीची डबी उघडली तर बहुतेक वेळा एका कोपऱ्यात छोटीशी हिरवी किंवा काळी पट्टी आणि तिच्यावर चार-सहा चिप सापडतात. उरलेली जागा रिकामी असते.

ज्या वस्तूत तबकडी नाही तिने तबकडीचे माप का मिरवावे? या प्रश्नाचा माग काढत गेले, की संगणकाच्या साठवणीचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास उलगडतो. नवे तंत्र चांगले होते म्हणून जिंकले, असा हा सरळ इतिहास नाही. नव्याने जुन्याचा वेष घेतला, जुन्याची भाषा शिकली, जुन्याच्या घरात जुन्याच्या नावाने शिरकाव केला आणि पाय रोवल्यावरच स्वतःचे रूप दाखवले, असा तो आहे. चार स्क्रूंची ती सोपी दुरुस्ती या वेषांतरामुळेच शक्य झाली. तो वेष आता उतरला आहे. त्याबरोबर आपण काय गमावतो आहोत, याचा हिशेब मांडणे हा या लेखाचा हेतू.

कपाटाएवढी तबकडी

आयबीएम कंपनीने १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे एक लहानशी प्रयोगशाळा उघडली आणि तिची सूत्रे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाती दिली. जॉन्सन मूळचे शाळामास्तर. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र त्यांनी बनवले होते आणि त्या जोरावर ते आयबीएममध्ये आले होते. त्या काळी कंपन्यांचा हिशेब छिद्रे पाडलेल्या कार्डांवर आणि चुंबकीय फितींवर असे. फितीची अडचण कीर्तनकाराच्या पोथीच्या उलट. पोथीचे हवे ते पान काढता येते, फीत मात्र सुरुवातीपासून उलगडत जावी लागते. मधलीच एखादी नोंद हवी असेल तर तिच्या आधीचे सारे सरकवल्यावाचून गत्यंतर नाही.

जॉन्सन यांच्या चमूने यावर काढलेला तोडगा १९५६ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झाला. यंत्राचे नाव रॅमॅक. त्याच्या साठवणीच्या भागात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या असत आणि मिनिटाला १२०० फेऱ्या या वेगाने फिरत. एक दांडा खालीवर होत हव्या त्या तबकडीशी थांबे, आत शिरे आणि नोंद वाचे. हे सारे कपाट सुमारे टनभर वजनाचे होते आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. एका कार्डावर ८० अक्षरे धरली तर हे ६२,५०० कार्डांचे काम झाले. आजच्या मापाने मात्र ते चार मेगाबाइटही भरत नाही, म्हणजे मोबाइलवर काढलेला एखादा फोटो. कोणतीही नोंद शोधायला सरासरी ०.६ सेकंद लागत. यंत्र महिना ३,२०० डॉलर भाड्याने मिळे.

रॅमॅकने दिलेली खरी देणगी होती ती पत्त्याची कल्पना. अमुक तबकडी, अमुक वर्तुळ, अमुक तुकडा, असा पत्ता द्यावा आणि थेट तिथला मजकूर मिळावा. पुढे तबकडीचे सारे काही बदलले, पत्ता देण्याची ही पद्धत मात्र टिकली. पुढच्या साऱ्या वेषांतराची गुरुकिल्लीही तीच ठरली.

तबकडी आकसते

पुढची पन्नास वर्षे तबकडी आकसत गेली. १९६१ च्या सुमारास वाचणारे टोक तबकडीच्या फिरण्याने तयार होणाऱ्या हवेच्या थरावरच तरंगू लागले. १९७३ मध्ये आयबीएमने ३३४० हे यंत्र आणले. त्यात तबकडी आणि वाचणारे टोक एकाच बंद पेटीत होते. मूळ बेत ३० मेगाबाइटच्या दोन भागांचा. ‘थर्टी-थर्टी’ म्हटले की अमेरिकन माणसाला विंचेस्टर रायफल आठवते, म्हणून या यंत्राला विंचेस्टर हे टोपणनाव पडले आणि कित्येक वर्षे हार्ड डिस्कला विंचेस्टर डिस्कच म्हटले जाई.

१९८० मध्ये ॲलन शुगार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नव्या कंपनीने, म्हणजे पुढच्या सीगेटने, सव्वापाच इंची हार्ड डिस्क आणली. तिची क्षमता होती ५ मेगाबाइट. फ्लॉपीच्या खाचेत बसेल असे तिचे माप मुद्दाम ठेवले होते. नव्या वस्तूने जुनीच्या खाचेत बसायचे, ही युक्ती तबकडीनेच प्रथम वापरली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या काळच्या छोट्या संगणकांत ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून हार्ड डिस्कला ‘सी’ मिळाले. फ्लॉपी केव्हाच गेली, तरी आपल्या संगणकातला पहिला कप्पा अजून ‘सी ड्राइव्ह’च आहे.

१९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइम कंपनीने साडेतीन इंची डिस्क आणली, तर १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्रेरीटेक कंपनीने अडीच इंची. लॅपटॉप नावाचे यंत्र मांडीवर मावू लागले त्यात या अडीच इंची तबकडीचा मोठा वाटा आहे. क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी ‘द इनोव्हेटर्स डिलेमा’ या १९९७ च्या पुस्तकात उद्योगांच्या उदयास्ताचा अभ्यास करायला हाच धंदा निवडला. जीवशास्त्रज्ञ अनुवंशाच्या अभ्यासाला फळमाशी घेतात, कारण तिच्या पिढ्या झटपट उलटतात. हार्ड डिस्कच्या कंपन्याही तशाच. माप लहान झाले की जुने मातब्बर मागे पडत आणि नवे पुढे येत.

भौतिकशास्त्रही तबकडीच्या मदतीला धावले. आल्बेर फेर्त आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेल्या चुंबकीय परिणामामुळे अतिशय क्षीण चुंबकीय खुणाही वाचता येऊ लागल्या. १९९७ पर्यंत तो शोध आयबीएमच्या डिस्कमध्ये उतरला होता आणि २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. तबकडी एक इंचापर्यंत आली. आयबीएमने १९९० च्या दशकाच्या शेवटी आणलेली मायक्रोड्राइव्ह आगपेटीपेक्षाही चपटी होती आणि तिच्यातही तबकडी गरगर फिरत होती. तबकडी निकम्मी झाली म्हणून हटली, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे. हटली तेव्हा ती तिच्या कौशल्याच्या शिखरावर होती.

कोंडलेले इलेक्ट्रॉन

दुसरी कथा १९६७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुरू होते. कोरियात जन्मलेले दावोन कांग आणि चीनमध्ये जन्मून तैवानात वाढलेले सायमन झी हे दोघे वीज गेली तरी न विसरणारी साठवण कशी करता येईल, याचा विचार करत होते. जेवणानंतर खाल्लेल्या थराथरांच्या चीजकेकवरून कल्पना सुचली, अशी आठवण झी यांनी पुढे सांगितली आहे. ट्रान्झिस्टरमध्ये आणखी एक थर घालायचा आणि त्याला चहूबाजूंनी विद्युतरोधकाने वेढायचे. त्या थरावर इलेक्ट्रॉन पोचवले, की वीज बंद केली तरी ते तिथेच अडकून राहतात. थरात इलेक्ट्रॉन असणे म्हणजे एक खूण, नसणे म्हणजे दुसरी. कुठे काही हलत नाही, फिरत नाही, घासत नाही.

या कल्पनेवर इंटेलचे डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये प्रत्यक्ष चिप आणली. तिच्यावरचा मजकूर पुसायचा तर चिपच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील किरण सोडावे लागत. पुढे विजेनेच पुसता येणाऱ्या चिप आल्या, पण त्या महाग होत्या. प्रत्येक खूण स्वतंत्रपणे पुसण्याची सोय ठेवायची तर प्रत्येकीमागे जादा जागा खर्च होई.

इथे तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका पुढे येतात. १९४३ मध्ये जन्मलेले मासुओका १९७१ मध्ये तोशिबात रुजू झाले. त्यांचा प्रश्न वेगळा होता. एकेक खूण सुटी पुसता येण्याची खरोखर गरज आहे का? ती सोय सोडून दिली आणि खुणांचा मोठा गट एकदम पुसायचा ठरवले, तर चिप लहान आणि स्वस्त होईल. शाळेतल्या पाटीवर एकेक अक्षर लिहायचे, पण पुसताना फडक्याच्या एका फटकाऱ्यात सगळी पाटी कोरी करायची, असा तो प्रकार. त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना हे एकदम पुसणे कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे वाटले आणि ‘फ्लॅश’ हे नाव पडले. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मासुओका यांनी ही कल्पना जगापुढे मांडली.

१९८७ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. पहिल्या प्रकारची, म्हणजे नॉर फ्लॅशची, रचना चाळीसारखी होती. प्रत्येक खोलीचे दार थेट गॅलरीत उघडे. नव्या, म्हणजे नँड फ्लॅशची, रचना जुन्या वाड्यासारखी. ओसरीतून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर, तिथून परसदार. प्रत्येक खोलीला बाहेरचे दार नाही, म्हणून जागा वाचते. पण आतल्या खोलीत जायचे तर मधल्या खोल्यांतून जावे लागते. त्यामुळे नँडमधून एखादे अक्षर चटकन उचलता येत नाही. मजकूर पानापानाने वाचावा लागतो. हा दोष भासतो, पण तबकडीही मजकूर एकेक अक्षर देत नव्हती, तुकड्यातुकड्यानेच देत होती. चुंबकीय साठवणीची जागा घेणे हेच मासुओका यांचे उद्दिष्ट होते, आणि त्या जागेसाठी लागणारा स्वभाव घेऊनच नँड जन्माला आली.

या शोधाचे श्रेय आणि मोबदला यांची कहाणी मात्र कडवट आहे. फ्लॅशच्या बाजारात आधी इंटेलने आघाडी घेतली. तोशिबाने मासुओका यांना दिलेले बक्षीस शोधाच्या मानाने अगदीच नगण्य होते. १९९४ मध्ये ते कंपनी सोडून तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००४ मध्ये त्यांनी जुन्या कंपनीवर शंभर कोटी येनचा दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. तोशिबाचे नशीबही पुढे फिरले. अमेरिकेतल्या अणुऊर्जा व्यवसायात बुडालेला पैसा भरून काढण्यासाठी २०१८ मध्ये तिने आपला स्मृतिचिपांचा व्यवसायच विकला. तो आज किओक्सिया या नावाने चालतो. या नावातला पहिला भाग ‘किओकु’ या जपानी शब्दावरून घेतला आहे. त्याचा अर्थ आठवण.

वेषांतर

नँड चिप हाती आली तरी ती लॅपटॉपच्या खाचेत नुसती बसवून भागत नव्हते. तबकडीवर जुने अक्षर तिथल्या तिथे खोडून नवे लिहिता येते. फ्लॅशवर येत नाही. आधी अख्खी पाटी पुसावी लागते. शिवाय दर वेळी पुसताना विद्युतरोधकाचा थर थोडा झिजतो. ठरावीक हजार वेळांनंतर ती पाटी निकामी होते. संगणक तर काही जागा सतत खोडून लिहीत असतो. त्याच जागेवर त्याला लिहू दिले तर चिप काही आठवड्यांत संपेल.

उपाय निघाला तो संगणकाशी सोयीस्कर खोटे बोलण्याचा. चिपच्या जोडीला एक छोटा नियंत्रक बसवायचा. संगणकाने सांगितले की अमुक पत्त्यावर लिही, तर नियंत्रकाने ‘बरे’ म्हणायचे, पण लिहायचे दुसऱ्याच कोऱ्या जागी, आणि खरा पत्ता स्वतःच्या वहीत टिपून ठेवायचा. सवड मिळाली की जुन्या पाट्या पुसून ठेवायच्या. सगळ्या पाट्या सारख्या झिजतील अशी पाळी लावायची. भाडेकरू रोज खोली बदलत आहेत, पण टपाल जुन्याच पत्त्यावर येते आणि पोस्टमन ते बिनचूक पोचवतो, असा हा कारभार. इस्रायलच्या एम-सिस्टिम्स कंपनीतले अमीर बान यांना १९९५ मध्ये अशा एका पद्धतीचे अमेरिकन पेटंट मिळाले.

हाच विचार अमेरिकेत सनडिस्क ही कंपनी करत होती. एली हरारी, जॅक युआन आणि संजय मेहरोत्रा या तिघांनी १९८८ मध्ये ती स्थापन केली. मेहरोत्रा जन्माने कानपूरचे. काही काळ पिलानीला शिकून बर्कलेला गेलेले. कंपनीचे नावही पाहण्यासारखे आहे. जिला डिस्क हटवायची होती तिने नावातच डिस्क घेतली. पुढे १९९५ मध्ये सनडिस्कचे सॅनडिस्क झाले, तरी डिस्क राहिलीच.

१९९१ मध्ये या कंपनीने आयबीएमला २० मेगाबाइटची अडीच इंची एसएसडी पुरवली. किंमत सुमारे १,००० डॉलर. म्हणजे मेगाबाइटला ५० डॉलर. माप तबकडीचे, जोडणी तबकडीची, पत्ते तबकडीचे. संगणकाला पत्ताही लागला नाही, की समोर तबकडी नाही. गंमत म्हणजे १९९३ मध्ये हार्ड डिस्कच्या धंद्यातल्या सीगेटनेच सनडिस्कमध्ये हिस्सा विकत घेतला. वारा कुठून वाहतो आहे, हे जाणत्यांना कळत होते. पण किमतीत तबकडी इतकी पुढे होती, की पुढची पंधरा वर्षे एसएसडी लष्करी उपकरणे, विमाने, कारखाने अशा हादरे बसणाऱ्या जागांपुरतीच उरली.

गाणी आधी, लॅपटॉप मागाहून

कोंडी फुटली ती संगणकाबाहेर. डिजिटल कॅमेऱ्यांची कार्डे, मग खिशातले पेन ड्राइव्ह, मग गाणी. ॲपलचा पहिला आयपॉड २००१ मध्ये आला तेव्हा त्यात तोशिबाची १.८ इंची हार्ड डिस्क होती. २००४ च्या आयपॉड मिनीत एक इंची तबकडी होती. सप्टेंबर २००५ मध्ये मिनीची जागा नॅनोने घेतली आणि तिच्यात तबकडी नव्हती, नँड फ्लॅश होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲपलने पाच चिप-उत्पादकांशी दीर्घ मुदतीचे करार करून १२५ कोटी डॉलर आगाऊ मोजण्याचे जाहीर केले. लाखो लोकांच्या खिशातल्या गाण्यांनी कारखान्यांचा खर्च भरून काढला आणि चिप स्वस्त झाल्या. लॅपटॉपमधली एसएसडी ही या अर्थाने गाणी ऐकणाऱ्यांची देणगी आहे.

२००६ मध्ये सॅमसंगने ३२ गिगाबाइटच्या एसएसडीचा लॅपटॉप आणला. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या मॅकबुक एअरला एसएसडीचा पर्याय होता, पण त्या ६४ गिगाबाइटसाठी जवळजवळ हजार डॉलर जादा मोजावे लागत. त्याच वर्षी इंटेलने सर्वसामान्य लॅपटॉपच्या खाचेत बसणारी एसएसडी आणली. २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये महापूर आला. जगातल्या हार्ड डिस्क उत्पादनाचा मोठा हिस्सा तिथे होता. वेस्टर्न डिजिटलच्या कारखान्यात पाणी शिरले आणि हार्ड डिस्कचे भाव एकाएकी चढले. २०१३ पासून सॅमसंगने चिपमधल्या खुणा पसरट न मांडता मजल्यांसारख्या एकावर एक रचायला सुरुवात केली. पहिली इमारत २४ मजल्यांची होती, पुढे मजले शेकड्यांत गेले. रॅमॅकनेही तबकड्या एकावर एकच रचल्या होत्या. जागा कमी पडली की माणूस वर चढतो, चाळीत काय आणि चिपमध्ये काय.

एसएसडी टाकल्यावर लॅपटॉप एवढा पळतो कशाने? लॅपटॉपमधली सर्वसाधारण तबकडी मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, साडेपाच मिलिसेकंद. टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी बारा-एक. एका तुकड्याला साधारण १७-१८ मिलिसेकंद. सेकंदाला जेमतेम पन्नास-साठ तुकडे. संगणक सुरू होताना मात्र विखुरलेल्या हजारो लहान तुकड्यांची मागणी होते. म्हणजे आपण दोन मिनिटे थांबत होतो ते संगणकाच्या विचारासाठी नव्हे, तर तबकडी फिरून यायची वाट पाहत. एसएसडीला कोणताही तुकडा द्यायला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी पुरतो. सलग वाचनात ती पाच-सहा पटच पुढे, पण विखुरलेल्या वाचनात शंभर पटींहून अधिक. लॅपटॉपचा मेंदू तरुणच होता, त्याचे पाय थकले होते.

हे कळल्यावर चार स्क्रूंच्या त्या दुरुस्तीचे सामाजिक मोल कळते. २०२० मध्ये शाळा पडद्यावर भरू लागल्या तेव्हा घराघरांतून माळ्यावर टाकलेले लॅपटॉप खाली आले. नवा घेण्याची ऐपत नसलेल्यांना एका डबीच्या किमतीत चालता संगणक मिळत होता. कचऱ्यात जाणारी कितीतरी यंत्रे त्या डबीने वाचवली.

मिटलेली खिडकी

पण वेष कायम घालायचा नसतो. तबकडीच्या जोडणीतून सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटच जाऊ शकत आणि चिपला त्याहून वेगाने धावायचे होते. २०११ मध्ये एनव्हीएमई ही नवी संभाषणपद्धती ठरली. जुन्या पद्धतीत कामांची एकच रांग असे आणि तिच्यात ३२ मागण्या मावत. तबकडीला एकच हात, तिला तेवढे पुरे होते. नव्या पद्धतीत हजारो रांगांची तरतूद आहे. पाठोपाठ डबीही गेली आणि च्युइंगमच्या कांडीएवढी नुसती पट्टी थेट बोर्डावर बसू लागली. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे चिप बोर्डाला कायमच्या डकवून टाकणे. ॲपलने २०१५-१६ पासून काही लॅपटॉपमध्ये हे केले, इतरांच्याही कित्येक पातळ यंत्रांत आज तसेच असते.

म्हणजे नव्या तंत्राने जुन्या खाचेत बसण्याचा काळ जेमतेम दशक-दीड दशकाचा ठरला. त्या काळात सामान्य माणसाला स्वतःच्या यंत्राचा सर्वांत थकलेला अवयव स्वतः बदलता येत होता. ती सोय कुणी दयेपोटी दिलेली नव्हती. नव्याला जुन्याच्या दारातून आत यायचे होते, म्हणून दार उघडे राहिले. काम झाल्यावर ते बंद होऊ लागले. चिप बोर्डाला डकवलेली असली, की साठवण बिघडली किंवा कमी पडली तर यंत्रच बदलावे लागते. आणि बोर्ड जळाला तर मजकूरही त्याच्याबरोबर जातो, कारण काढून दुसरीकडे लावायला डबीच नसते.

विसरण्याची नवी रीत

तबकडी आणि चिप यांत विसरण्याच्या रीतीचाही फरक आहे. तबकडीवरची फाइल पुसली, की बहुधा अनुक्रमणिकेतली नोंद तेवढी जाते. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत पडून असतो. चुकून पुसलेली हस्तलिखिते, लग्नाचे फोटो, प्रबंध जाणकारांनी तबकडीवरून परत मिळवल्याची उदाहरणे म्हणूनच सापडतात. एसएसडीत, विशेषतः २००९ नंतर, संगणक नियंत्रकाला ‘ही जागा आता नको’ असे कळवतो आणि नियंत्रक सवडीने ती खरोखरच पुसून टाकतो. मग परत मिळवायला काही उरत नाही.

दुसरी गोष्ट कपाटात ठेवण्याची. थरात कोंडलेले इलेक्ट्रॉन कायमचे कोंडलेले नसतात, हळूहळू निसटतात. थर जितका झिजलेला आणि हवा जितकी उष्ण तितके लवकर. या क्षेत्रातल्या मानकांप्रमाणे, नेमून दिलेले आयुष्य वापरून संपलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंश तापमानात एक वर्ष मजकूर टिकवावा, एवढीच अपेक्षा आहे. नवी डबी याहून पुष्कळ अधिक टिकवते हे खरे. पण जुनी, भरपूर वापरलेली एसएसडी विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाटात वर्षानुवर्षे ठेवून तिच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. तबकडीही अमर नसते. तिची मोटर अडकते, टोक घासते. तरी रॅमॅकच्या जुन्या तबकड्यांवरचा मजकूर पन्नास वर्षांनी कॅलिफोर्नियात पुन्हा वाचता आला, हे विसरता येत नाही.

हा प्रश्न मराठी वाचकाच्या दारातलाच आहे. १९९० च्या दशकापासून आपले दिवाळी अंक आणि पुस्तके संगणकावर जुळू लागली. पेजमेकर आणि त्याच्या जोडीला पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम. तो सारा मजकूर हार्ड डिस्कवर राहिला. पुढे मशीन बदलले, डबी बदलली, कुठे मजकूर उतरवून घेतला, कुठे राहून गेला. उतरवून घेतला तरी अडचण संपत नाही. ती अक्षरे युनिकोडमध्ये नव्हती, प्रत्येक फाँटचा संकेत निराळा होता. फाँट हाताशी नसेल तर फाइल उघडल्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. कारागिराने एका डबीतून दुसऱ्या डबीत एकूण एक खूण बिनचूक नेलेली असते, अर्थ मात्र मागेच राहतो.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला. तो आज एखाद्या जुन्या ग्रंथालयात हाती लागला तर डोळ्यांखेरीज दुसरे साधन लागत नाही. १९९५ च्या एखाद्या अंकाची मूळ फाइल वाचायची तर चालती डबी, तिला बसणारी खाच, ती आज्ञावली आणि तो फाँट, असे चौघे एकाच वेळी हजर असावे लागतात. यातून एसएसडी टाकू नये असा निष्कर्ष काढायचा नाही. जुना लॅपटॉप वाचवायला आजही त्याहून चांगला आणि स्वस्त उपाय नाही. पण डबी बदलताना काढलेली जुनी डबी लगेच भंगारात देऊ नये. तिच्यात काय आहे ते उघडून पाहावे, जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा, एक प्रत दुसऱ्या साधनावर ठेवावी आणि जे खरोखर मोलाचे आहे ते कागदावर छापून घ्यावे. हे काम दुकानातला कारागीर करणार नाही. मजकूर कुणाचा आणि कशासाठी जपायचा, हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते लिहिणाऱ्याला, संपादकाला आणि घरच्यांना.